अंधार पडायच्या आत

लातूर
दसऱ्यानंतरचा चौथा दिवस

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

आपट्याची पानं हातात ठेवून तू न जेवताच निघालीस. तुझ्या आईनं त्या दिवशी उरलेलं पुरण गल्लीत वाटून टाकलं, घरात ठेवलं नाही. यावरून काय ते ओळख. फोनवर बोलायला गेलो की माझा आवाज चढतो. एकतीस वर्षं एसटीच्या इंजिनाशेजारी बसलेल्या माणसाला हळू बोलणं जमत नाही. म्हणून लिहितोय.

आधी पैशांचं बोलून टाकतो. क्रीडाशिक्षकाच्या जागेसाठी त्या संस्थेच्या माणसानं जो आकडा सांगितला, तो ऐकून माझ्याही पोटात गोळा आला होता. पण फंडाचे पैसे बँकेत पडून होते आणि वाटलं, एकदा लेकीचा पगार सुरू झाला की मी सुटलो. तू म्हणालीस, "अण्णा, शिट्टी विकत घेऊन वाजवू का?" त्यावर मी जे बोललो, चेंडूमागं पळून चूल पेटत नाही म्हणून, ते मागं घेतो. म्हणजे चूल पेटायला पाहिजे हे खरंच आहे. पण ते मी ज्या तोंडानं बोललो ते मागं घेतो.

तुला माहीत आहे, लातुरात कोचिंग म्हटलं की माणसं दोनच प्रश्न विचारतात, नीट का जेईई. परवा कोपऱ्यावरच्या देशमुखांनी विचारलं, ताई कुठं कोचिंग घेते? म्हणालो, केजकडं. ते म्हणाले, बायोलॉजी? आणि मी मान डोलावली, ताई. पोरांना फुटबॉल शिकवते हे तोंडातून निघालं नाही. घरी आल्यावर चहा गोड लागला नाही.

तू सरावाहून किती वाजता निघतेस? हे सहज विचारतोय.

त्या दिवशी तुला धाराशिवच्या सारिका काळेचं सांगितलं, २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोत. आष्टी तालुक्यातल्या धावपटू अविनाश साबळेचं सांगितलं. खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के जागा असतात हेही सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, ते स्वतः खेळले, मी खेळवते. मला राग आला कारण उत्तर सुचलं नाही. फुटबॉल आपल्याकडं आहेच कुठं? कोल्हापूरची गोष्ट वेगळी. मुक्कामी गाडी घेऊन जायचो तेव्हा एकदा शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीचा सामना बघितला होता. अख्खी पेठ पोरांच्या मागं उभी. तुझ्या पोरांच्या मागं कोण? दिवाळी आली की त्यांचे आई-बाप कोयता घेऊन कारखान्यावर ऊस तोडायला जाणार. बघ, पुन्हा भाषण सुरू झालं. सोडतो.

एक कबूल करायचं आहे. पोळ्यानंतर मी तुझ्या मैदानावर येऊन गेलो. धारूरला एका जुन्या वाहकाला भेटायला म्हणून निघालो आणि मधेच उतरलो. शाळेच्या मागच्या लिंबाखाली उभा होतो. गायरानाची ती काळी जमीन, भेगांमध्ये तुम्ही मुरूम भरलेला, फक्कीच्या रेघा वाकड्या. गोलाच्या जागी दोन-दोन विटा. चार पोरांच्या पायात बूट होते, बाकी अनवाणी. तू काय केलंस, त्या चौघांना बूट काढायला लावलेस आणि मग स्वतःचे काढलेस. काढलेले बूट ओळीनं लिंबाखाली आणून ठेवायला एक पोरगं आलं, माझ्याकडं बघून म्हणालं, "आजोबा, ध्यान ठेवा." तासभर मी तुझ्या बुटांची राखण केली.

अकरा-अकराचा खेळ लावशील असं वाटलं होतं. तू पाच-पाचचे गट केलेस. आधी मला कळेना, मग दिसलं, मोठ्या खेळात जे पोरगं कडेला नुसतं उभं राहिलं असतं त्याच्या पायाशी पण चेंडू येत होता. मधेच बाभळीचा काटा लागून एक चेंडू बसला, तर तू थांबली नाहीस, दुसऱ्यावर दोन गट खेळवलेस. शेवटी सगळ्यांना गोल करून बसवून सकाळी काय खाल्लं ते विचारत होतीस. एक पोरगी म्हणाली, चहा. तू पिशवीतून शेंगदाणे काढून तिच्या हातावर ठेवलेस, कोणाला न दाखवता. मला दिसलं.

मी तेव्हाच पुढं यायला पाहिजे होतं. आलो नाही. साडेसहाची गाडी पकडायची होती.

तीच पोरगी गोलात उभी राहते ना, लाल रिबीनवाली? तूच सांगितलं होतंस, अमेरिकेत २०१५ पासून दहा वर्षांपर्यंतच्या लेकरांना हेडर, म्हणजे डोक्यानं चेंडू मारणं, शिकवत नाहीत, डोक्याला जपायचं म्हणून तूही शिकवत नाहीस. ऐकायला बरं वाटलं. मग विचार आला, ही पोरगी आई-बापासोबत गेली की उसाचं वाढं गोळा करणार, दोन वर्षांनी त्याच डोक्यावर मोळी येणार. तू म्हणतेस त्यातली आठ लेकरं या वर्षी आजी-आजोबांकडं ठेवायला घरचे तयार झालेत, म्हणून तुला दिवाळीत पण तिथंच राहायचं आहे. रहा. मी आईला समजावतो.

पण नोव्हेंबरात पावणेसहाला सूर्य बुडतो, ताई. शाळा सुटणार पाचला. सकाळी सराव घे म्हटलं तर सकाळी लेकरं पाणी भरतात म्हणतेस.

पाण्यावरून आठवलं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत आपले हंडे असायचे आणि तू रिकामी बाटली पायानं हंड्यांमधून काढत न्यायचीस, एकाही हंड्याला न लागता. बायका ओरडायच्या. पुढच्या वर्षी सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात होता म्हणून १५ सप्टेंबरला राज्यभर शाळांमध्ये फुटबॉल खेळवला, त्या दिवशी तू गुडघा फोडून घरी आलीस आणि पहिल्यांदा रडली नाहीस. मी खरं तर तेव्हाच हरलो होतो.

लिहायचं नाही ठरवलं होतं ते आता लिहितोच. माझ्या भुवईवरची खूण डेपोच्या दारामुळं झालेली नाही. जानेवारीतली रात्र होती, धुकं होतं. उसाच्या दोन ट्रॉल्या रस्त्यावरच उभ्या, मागं ना लाईट ना रेडियम. हेडलाईटमध्ये ऊस दिसला तेव्हा मधे दहा-बारा फूट अंतर राहिलं असेल. गाडी शेतात घातली. बेचाळीस प्रवासी होते, कोणाला काही झालं नाही, मी काचेवर आपटलो. तेव्हा तू तिसरीत होतीस. तुझ्या आईला अजून माहीत नाही, तिला सांगू नकोस. मी तर मोठ्या गाडीत होतो. तू स्कूटीवर असतेस.

समोरच्यानं डिपर दिला नाही तर वेग कमी कर, कडेला घे. ट्रॉलीच्या मागं चिकटून चालवू नकोस, ऊस घसरतो. आणि निघताना एक मिस कॉल दे, मी उचलणार नाही.

शनिवारच्या सकाळच्या गाडीनं डबा पाठवतोय, केज स्टँडवर ड्रायव्हरकडून घे. वर शेव आहे, खाली पुरणाच्या पोळ्या, आईनं परत पुरण घातलं. पिशवीत हवा भरायचा पंप, चार पिना आणि रेडियमचं अख्खं रीळ आहे. तुझ्या स्कूटीला लाव. उरेल ते लेकरांच्या आई-बापाच्या ट्रॅक्टरला लाव, मागच्या ट्रॉलीला आधी, ते निघायच्या आत.

डबा परत पाठव.

तुझा
अण्णा