मूल गेलं की निदान नोंद तरी नीट व्हावी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक छोटी बातमी होती, दोन वर्षांचं मूल घरातल्याच माणसाच्या मारहाणीत गेलं. वर मोठ्या अक्षरात नराधम वगैरे, खाली चार ओळी, आणि दुसऱ्या दिवशीपासून त्या मुलाबद्दल एक अक्षर नाही. मी बरीच वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते, आता रिटायर झालेय, आणि ती बातमी वाचल्यापासून डोक्यात एकच चाललंय की या मुलाच्या मृत्यूची नोंद कुठे आणि काय म्हणून होणार, कारण आरोपीला शिक्षा होईल किंवा नाही होणार पण ते मूल कसं गेलं, आधी कुणाकुणाला माहीत होतं, कुठे थांबवता आलं असतं हे कागदावर आलं नाही तर पुढचं मूलही असंच जाणार.

वॉर्डातलं सांगते. केसपेपरवर हिस्ट्री म्हणून एवढंच लिहिलेलं असायचं, पलंगावरून पडून डोक्याला मार. बस. किती उंचीवरून पडलं, खाली फरशी होती की सतरंजी, पडताना कुणी बघितलं, दवाखान्यात आणायला किती तास गेले आणि हे सगळं सांगतंय कोण, काहीच नाही. आणि बाळ तीन महिन्यांचं! ज्याला अजून कूससुद्धा बदलता येत नाही ते आपलं आपण पलंगावरून खाली पडेल कसं, हा प्रश्न त्याच वेळी विचारून उत्तर लिहून ठेवायला हवं ना. नीट नोंद म्हणजे काय तर डाव्या कानामागे निळसर डाग, अंदाजे दोन सेंटीमीटर, आई म्हणते काल संध्याकाळी पडलं, वडील म्हणतात आज सकाळी, असं जसंच्या तसं लिहायचं, फोटो शेजारी मोजपट्टी धरून काढायचा, आणि आपला संशय त्यात घुसडायचा नाही. दोन जणांच्या सांगण्यातला फरक हाच पुढे सगळ्यात जास्त कामाला येतो आणि तोच आपल्या समरीतून गायब होतो, कारण लिहिणारा घाईत असतो आणि समोरचे रडत असतात.

डाग कुठे आहे त्यावरून पण खूप कळतं. चालणारं धावणारं मूल पडतं तेव्हा लागतं गुडघ्याला, नडगीला, कपाळाला. चार वर्षांखालच्या मुलाच्या कानावर, मानेवर, पोटापाठीवर वळ दिसले, किंवा चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर कुठेही साधा काळानिळा डाग दिसला आणि त्याला पटण्यासारखं कारण नसेल, तर डॉक्टरांनी थांबून पूर्ण तपासणी करायची असते. बाळाला दोन्ही हातांत घट्ट आवळलं की बरगड्या मागे, मणक्याजवळ मोडतात, वरून काहीच दिसत नाही, पूर्ण अंगाचे एक्सरे काढले तरच कळतं. मग त्यात एक हाड ताजं मोडलेलं आणि दुसरं आधी मोडून जुळत आलेलं असं सापडतं.

हे काय नवीन शोध नाहीत. पॅरिसमध्ये आम्ब्रोआझ तार्द्यू या डॉक्टरांनी १८६० साली छळ झालेल्या ३२ मुलांच्या केसेस लिहून छापल्या, त्यातली १८ मुलं दगावलेली होती, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९४६ मध्ये अमेरिकेत जॉन कॅफी या डॉक्टरांना एक्सरेमध्ये दिसलं की मेंदूभोवती रक्त साचलेल्या काही बाळांची हातापायाची हाडं पण मोडलेली आहेत. पुढे १९६२ साली तिथल्याच डॉक्टर हेन्री केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७१ हॉस्पिटलांतून माहिती मागवली तर एका वर्षातल्या ३०२ केसेस निघाल्या, ३३ मुलं गेलेली आणि ८५ मुलांच्या मेंदूला कायमची इजा. त्यानंतर काही वर्षांतच तिथल्या राज्याराज्यांत डॉक्टरांनी अशा केसेस कळवायच्याच असा कायदा झाला. म्हणजे कुणीतरी मोजलं तेव्हा हालचाल झाली, तोपर्यंत आईबाप असं करूच शकत नाहीत यावरच सगळ्यांचा विश्वास होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही तोच आहे.

मोजण्याचीच तर बोंब आहे. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूंचा एक अभ्यास १९९३ मध्ये आला, त्यांनी मृत्यूचा दाखला, पोलिसांची नोंद, बालकल्याण खात्याच्या फाइली सगळं एकमेकांशी ताडून बघितलं, तर जे मृत्यू नक्की छळामुळे किंवा हेळसांडीमुळे झाले होते त्यातल्या निम्म्याहून कमी मृत्यूंच्या दाखल्यावर तसं नोंदलेलं होतं. जागतिक आरोग्य संघटना पण सांगते की जगात दरवर्षी १८ वर्षांखालच्या अंदाजे ४०,१५० मुलांची हत्या होते, त्यातले काही मृत्यू घरातल्या छळाचे असणार, आणि छळाने झालेले बरेच मृत्यू पडणं, भाजणं, बुडणं अशा नावाखाली जातात म्हणून खरा आकडा यापेक्षा मोठा आहे. उपाशी ठेवलेलं, आजारी असताना डॉक्टरकडे नेलंच नाही असं मूल तर बहुतेक वेळा हिशोबातून सुटतं, खरं तर अमेरिकेच्या आकडेवारीत अशा मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त ठिकाणी हेळसांड हे कारण एकटं किंवा मारहाणीसोबत असतंच. मार दिसतो, उपासमार दिसत नाही.

मूल कसं गेलं हे समजून घेणं म्हणजे काय याचं उदाहरण म्हणून व्हिक्टोरिया क्लिंबीचं नाव घ्यावंसं वाटतं. आठ वर्षांची मुलगी, २५ फेब्रुवारी २००० ला लंडनमध्ये गेली, अंगावर १२८ जखमांच्या खुणा, आणि सांभाळणारी, नात्याने आजी लागणारी बाई आणि तिचा जोडीदार दोघांना जन्मठेप झाली. इथे बातमी संपली असती. पण लॉर्ड लेमिंग यांची सरकारी चौकशी बसली आणि २००३ च्या रिपोर्टमध्ये आलं की तिला वाचवायच्या निदान १२ संधी हातात होत्या. ती हॉस्पिटलमध्ये आणली गेली होती, तिथे अंगावरच्या खुणा खरजेच्या आहेत असं निदान झालं आणि ती परत त्याच घरी गेली! डॉक्टर, पोलीस, समाजसेवा खातं, प्रत्येकाकडे थोडीथोडी माहिती होती आणि एकाचं दुसऱ्याला माहीत नव्हतं. रिपोर्टमध्ये १०८ शिफारशी होत्या, त्यातून मुलांसाठीचा २००४ चा कायदा आला, आणि २००८ पासून इंग्लंडमध्ये प्रत्येक मुलाच्या मृत्यूचा, कारण काहीही असो, आढावा घेणं बंधनकारक आहे. लॉस एंजेलिसमध्ये तर १९७८ पासूनच डॉक्टर, पोलीस, शवविच्छेदन करणारे आणि समाजसेवक एका टेबलावर बसून एकेक केस बघायला लागले. मला यात सगळ्यात पटणारी गोष्ट ही की तिथे दोषी कोण हा प्रश्न नसतो, तो कोर्टाचा. आपण कुठे चुकलो हा प्रश्न असतो. आणि घरात मागे राहिलेल्या भावंडांचं काय, जे विचारायचं भानच कुणाला नसतं.

अशा नोंदी साठल्या की कारणंही दिसायला लागतात. कॅलिफोर्नियातल्या हॉस्पिटलांच्या नोंदींवरून दिसलं की जोरात गदागदा हलवल्यामुळे दाखल झालेल्या बाळांची संख्या वयानुसार तशीच चढते आणि उतरते जसं बाळांचं रडणं चढतं आणि उतरतं, फक्त काही आठवडे मागाहून. दुसऱ्या महिन्याच्या आसपास बाळं सगळ्यात जास्त रडतात, काही केल्या गप्प होत नाहीत, आणि झोप न झालेल्या माणसाच्या डोक्यात तिडीक जाते. मग डिस्चार्ज देतानाच प्रत्येक आईला आणि बापाला (बापाला तर नक्कीच, त्याला कुणी काही सांगतच नाही) सांगा की असं होणार आहे, बाळाला सुरक्षित जागी ठेवा, दुसऱ्या खोलीत जा, पाच मिनिटांनी या, पण हलवू नका. मोठ्या मारहाणीआधीची छोटी जखम पण तशीच, वेळेवर सावध करणारी. मारहाण झालेल्या २०० तान्ह्या बाळांच्या एका अभ्यासात ५५ बाळांना आधी एखादा किरकोळ डाग किंवा जखम होऊन गेलेली होती, आणि त्यातल्या बऱ्याच वेळा ती डॉक्टरांना माहीतही होती.

काही लोक म्हणतील अशाने निरपराध आईबाप अडकतील. भीती खरी आहे, ठिसूळ हाडांचा जन्मजात आजार असतो, रक्त न गोठण्याचे आजार असतात, पालक खरं सांगत असतात. ब्रिटनमध्ये १९९९ साली एका आईला दोन बाळांच्या खुनासाठी जन्मठेप झाली, एका घरात असे दोन मृत्यू आपोआप होण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखात एक असं एका नावाजलेल्या डॉक्टरने कोर्टात सांगितलं होतं, ते गणितच चुकीचं होतं. ती २००३ मध्ये सुटली ती कशामुळे, तर एका बाळाच्या तपासणीत जंतू सापडल्याचे लॅबचे रिपोर्ट होते आणि ते बचावाच्या वकिलांना दाखवलेच नव्हते. म्हणजे तिथेही कागदच लपला होता. पूर्ण नोंद खऱ्या आईबापाच्या बाजूनेही उभी राहते, अर्धवट नोंद मात्र मेलेल्या मुलाला पण न्याय देत नाही आणि जिवंत आईला पण नाही.

तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. अशी बातमी छापाल तेव्हा मुलाची आणि भावंडांची ओळख अजिबात देऊ नका, पण हे जरूर विचारा की मूल आधी कधी दवाखान्यात आलं होतं का, शेजारी किंवा शाळा कुणाकडे बोलली होती का, शवविच्छेदनात पूर्ण अंगाचे एक्सरे काढले का, मृत्यूच्या दाखल्यावर कारण काय लिहिलंय. आणि सहा महिन्यांनी, वर्षाने परत फोन करून पुढे काय झालं तेही छापा, पहिली बातमी जितकी मोठी होती तितक्याच जागेत. मागच्या आठवड्यातल्या त्या मुलापासून सुरुवात केलीत तर बरं होईल.

आपली,
लहान मुलांच्या वॉर्डातली एक निवृत्त परिचारिका