लडाखमधील उशिराच्या बर्फाची बातमी पूर्ण द्यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांच्या परीक्षा संपल्या की आपल्या वृत्तपत्रात दरवर्षी एक बातमी हटकून येते: लडाखमध्ये बर्फवृष्टी झाली, खिंडी बंद पडल्या, महाराष्ट्रातील पर्यटक अडकले. बातमी खरी असते आणि ज्यांच्या घरची माणसे तिकडे गेलेली असतात त्यांना ती हवीही असते. परंतु पाटबंधारे खात्यात उमेदीची सगळी वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला ती वाचताना प्रत्येक वेळी चुटपुट लागते, कारण ज्या गावांच्या माथ्यावर तो बर्फ पडला त्यांच्या पेरणीचे आणि पाण्याचे काय झाले याविषयी तिच्यात एक ओळही नसते.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे आणि तेथे वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि बर्फ पडतो. आपल्या माणदेशातसुद्धा याच्या कितीतरी पट पाऊस होतो. मोसमी वारे हिमालयाच्या अलीकडेच रिते होतात आणि लडाखच्या वाट्याला मुख्यतः भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांनी हिवाळ्यात टाकलेला बर्फ येतो. त्या बर्फावर जवाचे, गव्हाचे, वाटाण्याचे वर्षातून एकच पीक निघते. आता अडचण अशी की पेरणी साधारणपणे एप्रिल-मेमध्ये करावी लागते, कारण उशीर झाला तर शरदातल्या थंडीच्या आत पीक पिकत नाही, आणि उंचावरच्या हिमनद्यांचे पाणी मात्र जूनच्या सुमारास खाली येते. मधले जे पाच-सहा आठवडे उरतात त्यांत गावाला आधार असतो तो खालच्या उतारांवर साठलेल्या हिवाळी बर्फाचा. डिसेंबर-जानेवारीत पडलेला बर्फ थरावर थर बसून घट्ट होतो आणि हळूहळू झिरपत राहतो. मार्च-एप्रिलमध्ये पडलेला भुसभुशीत बर्फ त्या प्रखर उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात काही दिवसांत वितळून वाहून जातो, काही तर पाणी न होता थेट हवेत उडून जातो. म्हणजे बर्फ किती पडला याइतकेच तो केव्हा पडला हेही महत्त्वाचे असते.

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सिंधूकाठच्या शाम भागातील एका गावात मुक्कामाला होतो. दुसऱ्या रात्री हवा फिरली. सकाळी अंगणात बोटभर बर्फ होता आणि वरचे डोंगर पांढरेशुभ्र झाले होते. खिंडीपलीकडच्या नुब्रा खोऱ्याची आमची फेरी रद्द झाल्यामुळे सहलीतली मंडळी आयोजकांच्या माणसावर चिडली आणि खरे सांगायचे तर मीही चिडलो होतो. घरच्या वृद्ध आमा-ले (म्हणजे आई) मात्र दारात उभ्या राहून डोंगराकडे पाहत होत्या. यंदा थंडीत वर काहीच साठले नव्हते, हे निदान आठवडाभर पुरेल, असे त्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या.

फेरी नसल्यामुळे मी दोन दिवस त्यांचे पाणी पाहत बसलो. सकाळी नऊ वाजता युरा, म्हणजे त्यांचा पाट, जवळजवळ कोरडा असे आणि त्याच्या कडेला काचेसारखी पातळ बर्फाची पापडी धरलेली असे. दुपारी चारनंतर वरचे वितळलेले पाणी पोहोचे. ते गढूळ असे आणि आतले खडे गडगडल्याचा आवाज दुरून ऐकू येई. रात्रीचे पाणी झिंग नावाच्या छोट्या तळ्यात अडवून सकाळी सोडत. कोणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यायचे हे गावाने नेमलेला चुरपोन ठरवतो. तो गवताचे ढेकूळ आणि एक चपटा दगड सरकवून दारे धरत होता, तेव्हा मला आमच्या मोसम-पांझरा नद्यांवरच्या फडांचा, म्हणजे सामूहिक सिंचनाच्या शेतांचा, पाटकरी आठवला. इतक्या दूर, इतक्या वेगळ्या हवेत पाळीचा हिशेब तोच आणि पाळी चुकल्यावर होणारे भांडणही तेच! लडाखच्याच जांस्कर खोऱ्यात तर शेतावरचा बर्फ लवकर वितळावा म्हणून त्यावर माती पसरण्याची जुनी रीत आहे. काळी माती ऊन शोषते आणि पेरणीला काही दिवस आधी जमीन मोकळी होते. त्याच जांस्करमधील कुमिक गावाच्या लोकांना वरचा बर्फ आटल्यामुळे पिढ्यान्पिढ्यांची घरे सोडून खाली नवी वस्ती करावी लागली.

उशिराचा बर्फ हा निव्वळ प्रसाद आहे असे मी म्हणत नाही. एप्रिलमध्ये जर्दाळू फुलतो आणि त्या वेळी एका रात्रीची हिमवृष्टी बागेचे वर्षाचे उत्पन्न नेऊ शकते. शेत ओले राहिल्याने नांगरट लांबते, खिंड बंद झाली की टॅक्सीवाल्याचा हंगाम बुडतो आणि आजारी माणसाला लेहला आणणे अवघड होते. वितळणारे पाणी घातकही ठरते. जांस्करमधील फुकताल नदीत २०१४ च्या डिसेंबरअखेर दरड कोसळून नैसर्गिक बांध तयार झाला, त्यामागे कित्येक किलोमीटर लांबीचे तळे साचत गेले आणि ७ मे २०१५ रोजी तो फुटून खालचे पूल वाहून गेले. ऐन वसंतातली ती आपत्ती होती. मराठीत तिच्याविषयी मी फारच थोडे वाचले.

या मधल्या आठवड्यांचे पाणी भरून काढण्यासाठी लडाखच्या माणसांनी केलेले काम आपल्याकडच्या कोणत्याही सिंचन अभियंत्याने आदराने पाहावे असे आहे. छेवांग नोर्फेल या स्थापत्य अभियंत्यांनी १९८७ पासून गावाच्या वर, सावलीच्या उतारावर ठेंगण्या भिंती घालून हिवाळ्यात फुकट वाहणारे पाणी संथ केले आणि थराथराने गोठवले. हे कृत्रिम हिमसाठे मूळ हिमनद्यांपेक्षा खाली असल्याने त्यांच्या आधी, नेमके पेरणीच्या सुमारास वितळतात. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांनी पुढे पाइपने आणलेले पाणी केवळ उताराच्या दाबाने उंच फवारून शंकूच्या आकाराचे बर्फस्तूप उभे केले. शंकूला आकारमानाच्या मानाने ऊन कमी लागते, म्हणून तो टिकतो. पण या दोन्ही उपायांना हिवाळ्यात ओढ्याला वाहते पाणी आणि कडक थंडी लागते. थंडी उबदार गेली तर त्यांचाही इलाज चालत नाही.

आता आपल्याकडून काय व्हावे, ते लिहितो. २०११ च्या जनगणनेनुसार लडाखची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आत आहे आणि पर्यटक त्याहून जास्त येतात. त्यांत मराठी माणसांचे प्रमाण लक्षात येण्याजोगे असते. त्यामुळे ‘पर्यटक अडकले’ या बातमीशेजारी त्या हिवाळ्यात बर्फ किती पडला, पेरण्या कुठवर आल्या, जर्दाळूचे नुकसान झाले का, हे चार ओळींत तरी द्यावे. भारतीय हवामान खात्याचे लेह येथील केंद्र २०२० च्या अखेरीपासून कार्यरत आहे. एप्रिल ते जून या काळात त्याचा अंदाज पुण्या-मुंबईच्या अंदाजाखाली छापता येईल. सहल आयोजकांनी या महिन्यांच्या कार्यक्रमात किमान एक दिवस मोकळा ठेवावा आणि नुब्राच्या वाटेवरची खारदुंग ला ही खिंड बंद असू शकते हे पैसे घेण्याआधीच सांगावे, निघाल्यावर नव्हे. जाणाऱ्या वाचकांनाही माझी कळकळीची विनंती आहे की, गावात उतरल्यावर फ्लशच्या शौचालयाचा आणि रोजच्या अंघोळीचा हट्ट धरू नये. तिथली कोरडी शौचालये स्वच्छ असतात, त्यातले खत शेताला जाते आणि वाचलेले पाणी मे महिन्यात कोणाच्या तरी जवाची पाळी असते.

आपला,
पाटबंधारे खात्यातील एक निवृत्त शाखा अभियंता, नाशिक