उंदीर सोडून हॅमस्टर का

ती. आई आणि ती. बाबा यांस साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत की लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस) जर उंदरांमुळे होतो, तर आम्ही प्रयोगशाळेत उंदीर सोडून हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखाच दिसणारा छोटा प्राणी, का पाळतो. आई, तू फोन ठेवताना एवढेच म्हणालीस की त्या मुक्या जिवांना मुद्दाम आजारी पाडणे तुझ्या मनाला पटत नाही. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत आणि ती फोनवर नीट सांगता येण्यासारखी नाहीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपल्या घराभोवती फिरणारा उंदीर किंवा घूस लेप्टोच्या जंतूने सहसा आजारी पडत नाही. लेप्टोस्पायरा हा बारीक मळसूत्रासारखा जंतू त्यांच्या मूत्रपिंडातील नलिकांमध्ये ठाण मांडतो, मूत्रावाटे महिनोन्महिने बाहेर पडत राहतो आणि पावसाळ्यात वाफ्यातल्या पाण्यात किंवा शहरातल्या तुंबलेल्या पाण्यात मिसळतो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची जी साथ आली, ती याच मार्गाने. म्हणजे उंदीर या रोगाचा वाहक आहे, रोगी नव्हे. जंतू निसर्गात कसा टिकून राहतो, हे उंदीर आपल्याला दाखवू शकतो. पण माणसाला कावीळ का होते, मूत्रपिंडे का निकामी होतात, फुप्फुसांत रक्तस्राव का होतो, हे ज्या प्राण्याला त्यातले काहीच होत नाही त्याच्याकडून कसे कळणार?

प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांची गोष्ट याहून विलक्षण आहे. त्यांच्या संरक्षक पेशींवर टीएलआर 4 नावाचे प्रथिन असते. ते या जंतूच्या बाह्य आवरणातला एक घटक लगेच ओळखते आणि शरीराला सावध करते. माणसाच्या पेशींवरही त्याच नावाचे प्रथिन आहे, पण ते या जंतूचा तो घटक ओळखत नाही. त्यामुळे ज्या मात्रेने प्रौढ पांढऱ्या उंदराचे फारसे बिघडत नाही, तिने माणूस अंथरुणाला खिळू शकतो. ज्यांच्यात हे प्रथिन जन्मतःच निकामी आहे असे पिल्लू उंदीर मात्र जंतू टोचल्यावर गंभीर आजारी पडतात. एका प्रथिनाच्या फरकाने केवढे अंतर पडते, हे कळले तेही या तुलनेतूनच.

हॅमस्टरला अगदी थोड्या जंतूंनीही कावीळ होते, मूत्रपिंडांना व फुप्फुसांना इजा होते आणि रोगाचा क्रम माणसातल्या तीव्र आजाराशी बराच जुळतो. म्हणून लशींची आणि औषधांची परीक्षा प्रामुख्याने त्याच्यावर होते. तरीही त्याच्या मर्यादा मला कायम डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात. जगभरातले प्रयोगशाळांतले बहुतेक हॅमस्टर 1930 मध्ये सीरियातील अलेप्पोजवळ पकडलेल्या एका कुटुंबाचे वंशज आहेत. इतके जवळचे नाते असलेल्या प्राण्यांत प्रयोगाचा निकाल एकसारखा येतो, पण माणसे एकमेकांपासून फार निराळी असतात. शिवाय लशीमुळे हॅमस्टरचा जीव वाचला, तरी त्याच्या मूत्रपिंडात जंतू शिल्लक राहू शकतो, आणि एका प्रकाराच्या जंतूविरुद्धची लस दुसऱ्या प्रकारापुढे बहुधा निष्प्रभ ठरते.

प्राणी निवडताना चूक झाली तर काय होते, याचे जपानी जंतुशास्त्रज्ञ हिदेयो नोगुची यांच्याइतके दुःखद उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. जपानमध्ये इनाडा आणि इडो यांनी 1915 च्या सुमारास रुग्णांचे रक्त गिनीपिगला टोचून लेप्टोचा जंतू शोधून काढला होता. पुढे 1918 मध्ये नोगुची इक्वाडोरमधील ग्वायाकील येथे पीतज्वराचा (यलो फीव्हरचा) अभ्यास करायला गेले, त्यांनीही रुग्णांचे रक्त गिनीपिगला टोचले, त्यांना लेप्टोस्पायरा सापडला आणि तोच पीतज्वराचे कारण आहे असे त्यांनी जाहीर केले. वस्तुतः पीतज्वर विषाणूमुळे होतो आणि गिनीपिगला तो अशा रीतीने होतच नाही. ज्यांच्यापासून जंतू मिळाला, त्या रुग्णांना बहुधा लेप्टोच झाला असावा. गिनीपिगने जे दाखवता येण्यासारखे होते तेच दाखवले. 1927 मध्ये पश्चिम आफ्रिकेत एड्रियन स्टोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातून नेलेल्या माकडांमध्ये पीतज्वर उत्पन्न करून दाखवला, तेव्हा खरे कारण हाती लागले. स्टोक्स त्याच वर्षी आणि नोगुची 1928 मध्ये अक्रा येथे, दोघेही पीतज्वरानेच गेले.

आई, तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला इथूनच द्यावेसे वाटते. चुकीच्या प्राण्यावर, चुकीच्या प्रश्नासाठी केलेला प्रयोग त्या जिवाला व्यर्थ दुःख देतो, आणि त्याचे समर्थन मला कोणत्याही कारणाने करता येणार नाही. रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी 1959 मध्ये मांडलेली तीन तत्त्वे आम्ही पाळतो: पर्याय असेल तिथे प्राणी वापरायचा नाही, वापरावा लागलाच तर कमीत कमी वापरायचा, आणि त्याचे क्लेश शक्य तितके घटवायचे. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी मिळाल्याशिवाय एकही प्रयोग सुरू होत नाही. प्राण्याचे वजन ठरलेल्या मर्यादेखाली गेले की त्याचे हाल होण्याआधीच त्याला वेदना न होता मरण दिले जाते. हे मी तुला गोड करून सांगत नाही. ते काम करताना मला वाईट वाटते आणि तसे वाटणे थांबू नये, अशीच माझी इच्छा आहे. पण 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 10 लाख लोकांना लेप्टो होतो आणि सुमारे 59 हजार लोक त्याने मरतात. त्यांत भातशेतीत राबणारी आपल्यासारखी माणसे फार आहेत, म्हणून मी हे काम सोडत नाही.

हॅमस्टरवरील प्रयोगांतून एक गोष्ट दिसते: प्रतिजैविक लवकर दिले तर प्राणी वाचतात, उशीर झाला की तेच औषध अपुरे पडते. बाबा, म्हणून यंदा लावणीच्या दिवसांत पायाला भेगा किंवा जखम असेल तर गमबुटाशिवाय वाफ्यात उतरू नका. ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर घरगुती काढ्यावर दोन दिवस न काढता त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा, आणि शेतात चिखलात काम केल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगा. प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात का, हेही त्यांनाच विचारा. आई, गोठा धुताना तूही चपला न काढता काम कर.

तुमची लेक