एक वाटप, तीन टोपं

हॅम्बुर्ग
14 जून, रविवार

प्रिय आई,

बाबांना साष्टांग नमस्कार. तुमच्याकडे पाऊस लागला का? मासेमारीची बंदी 1 जूनपासून सुरू झालीच असेल, म्हणजे आता सुकटीचे आणि बोंबलाचे दिवस. मी मात्र आज पहाटे उठून अल्टोनाच्या फिशमार्क्टला जाऊन आले. हा बाजार 1703 पासून दर रविवारी भरतो. उन्हाळ्यात पहाटे पाचला सुरू, साडेनऊला बंद. पूर्वी मासे विकून लोकांनी वेळेवर चर्चला जावं म्हणून अशी वेळ ठरवली होती म्हणे. आता मासे कमी आणि केळी, फुलझाडंच जास्त. तरी दोन बांगडे मिळाले (इथला बांगडा आपल्यापेक्षा लांबोडका), दुपारी सगळ्या खिडक्या उघड्या टाकून तळले आणि दोघांनी उभ्याउभ्याच खाल्ले. एवढं सांगायचं कारण, येत्या शनिवारी माझ्याकडे जेवण आहे आणि त्यात मासे नाहीत. हे ठरवायला मला आठवडा लागला.

आम्ही दोघं धरून चौदा माणसं. माझ्या ऑफिसातली साहेबीण, तिचा नवरा, दोन मुलं, हे सगळं खाणारे. मेहमेत आणि त्याची बायको, त्यांना हलाल लागतं. खालच्या मजल्यावरची आन्या, ती वीगन, म्हणजे दूध-तूप-मधसुद्धा नाही. पुण्याचं एक जोडपं, त्यातला तो चिकन खातो, ती फक्त अंडं. आणि सांगलीचे जैन, नवरा-बायको आणि तीन महिन्यांसाठी आलेल्या त्याच्या आई. त्या काकूंना कांदा, लसूण, बटाटा, आलं काही चालत नाही. फोनवर मी वाटाण्याची उसळ म्हटलं तर त्यांनी लगेच विचारलं, "भिजवलेले ना? मोड आलेले नकोत हो." मोडांचं मला खरंच माहीत नव्हतं. वर सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. पण जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहाला दहा मिनिटं कमी असताना मावळतो, त्यामुळे तिथे काळजी नाही. डिसेंबरात चारला अंधार पडतो, तेव्हा त्यांचा मुलगा साडेतीनला ऑफिसात डबा उघडतो, ते मी पाहिलंय.

गेल्या नोव्हेंबरातली फजिती तुला सांगितली नव्हती. तेव्हा मी हिशोबाने वागले होते. शाकाहारी चार, म्हणून पनीरची भाजी चौघांपुरती. बाकीच्यांना चिकन भरपूर. झालं काय, तर चिकनवाल्यांनी आधी पनीर वाढून घेतलं. त्यांना काय, ते दोन्ही खातात. पुण्याची ती आत बाळाला झोपवत होती. बाहेर आली तेव्हा तिच्या वाट्याला भात, काकडीची कोशिंबीर आणि माझं ओशाळं तोंड. ती म्हणाली, "अगं, मला भूकच नाही." आई, ते वाक्य मला अजून टोचतं.

तेव्हापासून मला काकांचं पान आठवतंय. काका माळकरी झाले तेव्हा घरात सगळे मासे खाणारे, तरी काकांना कधी कोपऱ्यात उरलंसुरलं मिळालं नाही. आजी ओरडायची, "आधी शिवराक काढून ठेव, मगे सागोती चुलीर चढव." तू रोज तेच करायचीस. बिनमांसाचं शिवराक, म्हणजे काळ्या वाटाण्याचं सांबारं, मोठ्या टोपात, सगळ्यांना पुरेल एवढं, आणि कोंबडी-मटणाची सागोती बाजूच्या लहान टोपात. काका सगळ्यांचंच जेवण जेवायचे. सागोती ही आमची वरची चैन. मी इथे उलटं केलं होतं: सागोतीला जेवण मानलं आणि शिवराक म्हणजे चौघांची सोय.

म्हणून यंदा शिवराक चौदांचं आणि कोंबडी सहाजणांपुरतीच, जरी खाणारे नऊ असले तरी. एक किलो काळे वाटाणे (तू दिलेले, अजून कीड लागलेली नाही), दोन किलो कोंबडी हाडांसकट. ती श्टाइनडाममधल्या तुर्की खाटकाकडून आणणार, म्हणजे मेहमेतचा प्रश्न मिटला. साहेबिणीच्या मुलांना हाडं बघून काय वाटेल कोण जाणे, इथली मुलं कोंबडी म्हणजे चौकोनी तुकडा समजतात. खरेदी शुक्रवारीच संपवायला हवी, शनिवारी मी चुलीसमोरून हलणार नाही आणि रविवारी इथे दुकानं बंद असतात.

सगळा खेळ वाटपाचा, म्हणजे भाजून वाटलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा आहे. कोंबडीत तेच भाजलेलं खोबरं, वाटाण्यात तेच, फक्त काकूंच्या टोपात कांदा-लसूण नाही. मी असं ठरवलंय: शुक्रवारी रात्री आधी नुसतं खोबरं, धणे, बडीशेप, सुक्या मिरच्या भाजायच्या आणि मिक्सर कोरडा असतानाच वाटून काकूंच्या वाट्याचं डब्यात भरून फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवायचं. त्याला हिंगाची फोडणी. मग उरलेल्यात भाजलेला कांदा-लसूण घालून पुन्हा फिरवायचं. उलट केलं तर मिक्सरच्या पात्यांचा कांद्याचा वास तीनदा धुऊनही जात नाही, हे मी करून बघितलंय. इथे गॅस नाही, काचेची शेगडी आहे, त्यामुळे कांदा विस्तवावर भाजणं विसरायचं. ओव्हनमध्ये सालासकट भाजते, पाऊण तास. रंग येतो, धुराचा वास येत नाही. आणि यायलाही नको, छतावरचं धुराचं यंत्र मागे एकदा नुसत्या मिरचीच्या फोडणीवर किंचाळलं होतं, अख्खी बिल्डिंग जिन्यात आली.

वडे सगळ्यांना सारखेच. ताज्या तेलात, आणि त्या तेलात दुसरं काही पडणार नाही. आन्याने विचारलं की वड्यात अंडं असतं का, लोणी असतं का. मी तांदूळ, उडीद, चणाडाळ, गहू, मेथी, धणे असं मोजून सांगितलं. मग सांबाऱ्यात क्रीम आहे का? नाही, नारळ. सोलकढीत दही? नाही, नारळ आणि आमसुलं. गोडात दूध? मणगणं करतेय, चणाडाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस. ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्ही सगळे वीगन आहात?" मी तिला आजचे बांगडे सांगितले नाहीत. सोलकढी मात्र दोन भांड्यांत करावी लागेल, एक लसणाची, एक बिनलसणाची.

एक भाजी इथली. सध्या श्पार्गेलचा, म्हणजे ॲस्परॅगसच्या कोंबांचा मोसम आहे, 24 जूनला सेंट जॉनच्या दिवशी तो संपतो आणि त्यानंतर शेतकरी पीक काढत नाहीत. जर्मन लोक पांढऱ्या श्पार्गेलवर जीव टाकतात. पण पांढरा तो मातीच्या ढिगाऱ्याखाली वाढवलेला, ऊन लागू न देता. काकूंच्या हिशोबात तो कंदात बसेल का, यावर त्यांच्या मुलाने आणि मी अर्धा तास घालवला. शेवटी हिरवा आणला, तो जमिनीवर वाढतो. फरसबीसारखा चिरून मोहरी, हिरवी मिरची आणि ओलं खोबरं.

लोक काहीतरी घेऊन येणारच. साहेबीण म्हणाली, बटाट्याचं सॅलड आणते. त्यात अंड्याचं मेयॉनीज, कधी सॉसेजचे तुकडेही असतात. मी म्हटलं, पाव आण, तुमच्यासारखा पाव मला जमत नाही. तिला तेच आवडलं. मुलांची जेलीची चॉकलेटं बाजूला ठेवणार, त्यात बहुतेक वेळा डुकराचं जिलेटिन असतं. पुण्याचा तो चीज आणतो म्हणाला, तर त्याला पार्मेजान नको म्हणून कळवलं. ते वासराच्या पोटातल्या रेनेटशिवाय, म्हणजे दूध गोठवणाऱ्या विरजणाशिवाय होत नाही. त्याच्या बायकोने ते तीन वर्षं खाल्लंय. आता मी सांगितल्यावर दोघांत काय झालं ते शनिवारी कळेल.

मांडणी अशी: शिवराक दिवाणखान्यातल्या टेबलावर, कोंबडी स्वयंपाकघरात ओट्यावर. ज्याला हवी त्याने आत जाऊन घ्यायची. प्रत्येक टोपाचा डाव वेगळा, काकूंच्या डावाला लाल दोरा. काकू सातला बसतील, कोंबडीचं झाकण त्यांचं जेवण झाल्यावर निघेल. दहानंतर आवाज कमी ठेवावा लागतो, तोवर बहुतेक सगळे उठलेले असतील. बाबांना सांग, बिअर आहे, बव्हेरियाच्या 1516 च्या बिअर-शुद्धतेच्या नियमाप्रमाणे पाणी, जव आणि हॉप, म्हणजे तीही शिवराक.

आता मुख्य काम. तू दिलेल्या मालवणी मसाल्यात सुका लसूण घातलायस का? या वर्षीचा की गेल्या वर्षीचा, तेही लिही. घातला असेल तर काकूंच्या टोपासाठी मला मसाला वेगळा भाजावा लागेल आणि दगडफूल इथे मिळायला दोन दिवस जातात. दुसरं, दोन किलो कोंबडीला वाटप किती? "अंदाजाने घाल" असं लिहू नकोस, वाटीत सांग, आणि वाटी कुठली तेही सांग. बुधवारपर्यंत वहिनीकडून व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठव, चालेल.

तुझी,
सुमी

ता. क. वहिनीला विचार, काका हल्ली लसूण खातात का. सहज आठवलं.