‘नॉट ओन्ली’ची जागा चुकते कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’ वापरून वाक्य पुन्हा लिहा, हा शाळा-कॉलेजातल्या इंग्रजीचा नेहमीचा प्रश्न. मुलं दोन्ही तुकडे वाक्यात आणतात, पण जागा चुकते: ‘शी नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो कन्नडा’. ‘नॉट ओन्ली’च्या मागोमाग क्रियापद आलं आणि ‘बट ऑल्सो’च्या मागोमाग नुसतं नाम. दोन्हीकडे एकाच जातीचा शब्द हवा. ‘शी स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो कन्नडा’ हे बरोबर. क्रियापदंच दोन असतील तर ‘शी नॉट ओन्ली स्पीक्स कन्नडा बट ऑल्सो राइट्स इट’. पडताळा सोपा आहे: ‘नॉट ओन्ली’च्या आधीचा भाग घ्यायचा आणि ‘बट ऑल्सो’च्या पुढचा त्याला थेट जोडायचा. चुकलेल्या वाक्यात ‘शी कन्नडा’ एवढंच हाती येतं.

हेच मूल मराठीत चुकत नाही. ‘ती मराठीच नव्हे, तर कन्नडही बोलते’ म्हणताना ‘च’ आणि ‘ही’ आपापल्या शब्दाला चिकटलेले असतात. इंग्रजीत असं चिकटणारं काही नाही. जोडी कुणाची, हे फक्त जागेवरून कळतं. म्हणून हा धडा ‘च’ आणि ‘ही’पासूनच सुरू करावा, असं आम्हाला कळकळीनं वाटतं.

दुसरी चूक ‘णे’मुळे होते. पोहणे, धावणे, सायकल चालवणे, सगळ्यांना मराठीत एक प्रत्यय पुरतो. इंग्रजीत त्याची रूपं दोन, ‘टु स्विम’ आणि ‘स्विमिंग’. मग सरमिसळ होते: ‘आय लाइक स्विमिंग, रनिंग अँड टु राइड अ बायसिकल’. इथे मात्र वरचा पडताळा उपयोगी नाही, कारण ‘आय लाइक टु राइड अ बायसिकल’ एकटं बरोबरच आहे. अशा वेळी ‘अँड’भोवती गोल करून यादीतले शब्द वहीत एकाखाली एक लिहावेत, वेगळं रूप लगेच डोळ्यांत भरतं.

तुलनेत आणखी एक फसगत. ‘पुण्याची लोकसंख्या नागपूरपेक्षा जास्त आहे’ हे मराठी कानाला खटकत नाही. इंग्रजीत लोकसंख्येची तुलना लोकसंख्येशीच हवी: ‘द पॉप्युलेशन ऑफ पुणे इज लार्जर दॅन दॅट ऑफ नागपूर’.

शब्दयोगी अव्यय किती वेळा लिहायचं, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. त्याचं उत्तर संविधानाच्या उद्देशिकेत आहे. ‘लिबर्टी ऑफ थॉट, एक्स्प्रेशन, बिलीफ, फेथ अँड वर्शिप’ यात पाच नामांना मिळून एकच ‘ऑफ’. लगेच पुढे ‘इक्वॅलिटी ऑफ स्टेटस अँड ऑफ ऑपॉर्च्युनिटी’, तिथे दोन नामांना दोन. एकदाच लिहा किंवा प्रत्येकाआधी लिहा. ‘टु रीड, राइट अँड टु स्पीक’ असं अर्धवट नको. मराठी उद्देशिकाही तीच शिस्त पाळते: विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना ‘यांचे’ स्वातंत्र्य, आणि ‘दर्जाची व संधीची’ समानता. उद्देशिका पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेली असते. मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही पानं शेजारी उघडून एक तासिका घ्यावी, ही इंग्रजीच्या शिक्षकांना विनंती.

आपले,
इंग्रजीचे काही माध्यमिक शिक्षक, कोल्हापूर