"पालकांना काही पडलेलं नसतं" हे तुझं म्हणणं मला अजून पटलेलं नाही

प्रिय सुमे,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर नाही, रागावली असशील. तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतो, त्याचं सोड. शाळेत जे झालं ते घरी सांगितलं तर सगळे "बरं" म्हणून उठून गेले. तूच हवी होतीस.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती. तुला माहीतच आहे, इतिवृत्त आधीच लिहून तयार, पालकांनी यायचं, सही ठोकायची आणि कामावर पळायचं. रजिस्टर फिरत चौथीतल्या एका मुलीच्या आईपाशी आलं. सदस्य ती, पण एरवी तिच्या जागी नवराच येऊन बसतो. या खेपेला ती स्वतः आली आणि म्हणाली, "बाई, आधी वाचून दाखवा. कशावर सही करायची ते कळू द्या." मुख्याध्यापक घड्याळ बघायला लागले. मी वाचलं. शाळा विकास आराखड्यात भिंती रंगवायचं काम होतं. ती म्हणाली, "रंग राहू द्या. पोरींच्या संडासाला कडी नाही. माझी पोरगी दुपारची घरी पळते ती त्यापायीच."

सुमे, ती पोर का पळते हे वर्षभर एकाही शिक्षकाला उमगलं नव्हतं!

डी.एड.ला तू म्हणायचीस, पालकांना काही पडलेलं नसतं. त्यावरून आपण मेसमध्ये वेगवेगळ्या बाकांवर जेवायचो आणि लांबुटकी बिचारी निरोप पोचवून दमायची. अगं, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 21 काढून बघ. समितीत किमान 75 टक्के आईबाप किंवा पालक, एकूण सदस्यांत निम्म्या बायका. आराखडा करायचा त्यांनी, अनुदान कुठे खर्च होतं ते बघायचं त्यांनी. कलम 24 तर आपल्यालाच सांगतं की पालकांना नियमित भेटा, मुलांची हजेरी आणि प्रगती सांगा. आणि शाळा बोलावते कधी? पोरानं काच फोडली की! मग शाळेचा निरोप आला की आईच्या पोटात गोळा येणारच.

बैठक संपल्यावर ती थांबली. "मला वाचता येत नाही, मी काय अभ्यास घेणार?" मी म्हटलं, रोज मुलीकडून धडा मोठ्यानं वाचून घ्या. कुठे अडखळते ते कानाला कळतंच. तुम्ही गोष्ट सांगा, तिला लिहू दे. त्या आईचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू!

पण मला झोप नाही. तिच्या नवऱ्याला कुणीतरी "बायकोला आवर" म्हणून सुनावलंय. मुख्याध्यापक म्हणतात, पुढच्या वेळी रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेऊ. तसं झालं तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही, आणि तिच्याकडे बघून सरसावलेल्या दोघी-तिघीही मागे सरतील. मी भांडणार आहे. बैठक संध्याकाळी, कुणाची मजुरी बुडायला नको. वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. आणि आराखड्यात पहिली ती कडी.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकट्याला दहावीसाठी आशीर्वाद. सासूबाईंना नमस्कार.

हो, लांबुटकीकडून कळलं की तू संध्याकाळी पालकसभा घेतलीस आणि वर्गात बसायला जागा उरली नाही. म्हणजे भांडण मी जिंकले! आता मुकाट्यानं सविस्तर लिही. निरोप कुणाकडून धाडलास, बायकांना बोलतं कसं केलंस आणि घरच्यांनी त्यांना सोडलं कसं? पुढच्या बैठकीआधी उत्तर हवं.

तुझीच,
मंगी