क्लिनर नको म्हणता, मग ड्रायव्हर कुठनं येणार?

संपादक साहेब, नमस्कार.

जुलै 2025 ला माल वाहतूकदारांनी संप केला तेव्हा ई-चलानच्या जोडीला अजून एक मागणी होती, अवजड गाडीवर क्लिनरची, म्हणजे ड्रायव्हरच्या जोडीला मदतनीस ठेवायची सक्ती काढा. तेव्हापासून हा विषय डोक्यातनं जात नाही म्हणून लिहायला बसलोय. मी 1979 ला क्लिनर म्हणून ट्रकवर चढलो आणि 2021 ला ड्रायव्हर म्हणून खाली उतरलो, 42 वर्षं, त्यामुळं दोन्ही बाजू बघितल्यात.

मालकांचं दुखणं खोटं नाही. एक-दोन गाड्यांचा मालक, बँकेचा हप्ता, डिझेल, टोल, टायर, इन्शुरन्स, आणि भाडं जागेवरच, त्यात दुसऱ्या माणसाचा पगार-भत्ता कुठनं काढणार. आणि नसला माणूस तर परत चलान. हे सगळं मान्य आहे. पण सक्ती काढली की विषय संपला असं जे धरून चाललेत ते मला पटत नाही.

माझी पहिली गाडी टाटाची बॉनेटवाली 1210, पॉवर स्टेअरिंग वगैरे काही नाही. कोल्हापूरला गूळ भरायचा आणि खंबाटकी, कात्रज, खंडाळा करत मुंबईला मशीद बंदर गाठायचं. एक्सप्रेसवे पूर्ण झाला 2002 ला, त्याच्या आधी खंडाळ्यात जाम लागला की रात्र तिथंच. चढाला गाडी थांबली की मी उडी टाकून मागच्या चाकाला दगड लावणार, मगच वस्ताद, म्हणजे माझा ड्रायव्हर, ब्रेकवरचा पाय काढणार. प्रत्येक थांब्याला टामीनं, म्हणजे लोखंडी दांडक्यानं, टायर ठोकून बघायचे, हवा बरोबर असली की टणक आवाज येतो आणि कमी असली की बद्द, हे कान तयार व्हायला मला सहा महिने लागले आणि तोवर शिव्या खाल्ल्या. ताडपत्रीच्या गाठी, रेडिएटरचं पाणी, ग्रीस, वजनकाट्याची पावती, बिल्टी म्हणजे मालाची पावती, स्टोव्हवरचा भात, सगळं माझ्याकडं. मशीद बंदरच्या गल्लीत गाडी मागं घेताना मी मागं उभा राहून पत्र्यावर थाप मारायचो, दोन थापा म्हणजे येऊ दे, एक म्हणजे थांब, वस्तादला आरशात काही दिसत नसायचं, तो माझ्या थापेवर गाडी घ्यायचा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे घाट. ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे वस्ताद नुसतं सांगत नव्हते, शेजारी बसवून इंजिनचा आवाज ऐकायला लावायचे, उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसलास तर ड्रम तापतात आणि मग पायाखाली काहीच लागत नाही. आज डिझेल वाचवायला पोरं गाडी न्यूट्रल करून सोडतात आणि तसं करू नका म्हणून घाटात बोर्ड लावावे लागतात. बोर्ड वाचून घाट येत नाही हो, तो कुणाच्या तरी शेजारी बसून शिकावा लागतो.

माझी शेवटची दहा-बारा वर्षं एकट्यानं गेली. एकदा भिवंडीत एका गोडाऊनला रात्री दोनला गाडी मागं लावत होतो, आरशात अंधार, आणि तेवढ्यात कोणतरी जोरात ओरडलं म्हणून ब्रेक मारला, उतरून बघतो तर मागच्या चाकापासून दोन हातांवर एक हमाल पोतं अंथरून झोपलेला. त्या रात्री मी गाडी हलवलीच नाही, हात थरथरत होते. आता मागं कॅमेरे येतात, येऊ देत, चांगलंच आहे, पण पहाटे तीनला डोळा लागायला आला की कॅमेरा चहा पाजत नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास काम लिहिलेलं होतं, लांब पल्ल्याला थोडं जास्त, पण तो कायदा नोव्हेंबर 2025 पर्यंतच होता आणि तोही पाच किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू, मग एक गाडीवाल्याच्या ड्रायव्हरला विचारणार कोण?

आमच्या वेळचं सगळं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. मी 17 वर्षांचा होतो, पगार नव्हता, जेवण आणि वरचा भत्ता, झोप टपावर. तसा क्लिनर परत आणा असं कुणी म्हणू नये, मी तर नाहीच. पण आज 18 ला हलक्या गाडीचं लायसन्स मिळतं आणि ट्रान्सपोर्ट गाडीसाठी 20 पूर्ण लागतात. ही मधली दोन वर्षं पोरगा काय करतो? ती दोन वर्षं त्याला शिकाऊ म्हणून नोंद करून, विमा काढून गाडीवर घ्या, अर्धा पगार सरकारनं द्यावा अर्धा मालकानं. परिवहन खात्यानं सक्ती ठेवायची का काढायची यापेक्षा याचा विचार करावा अशी माझी विनंती आहे.

आमच्या गल्लीत असाच एक पोरगा आहे, नुकताच 18 चा झालाय, गाडीचं वेड आहे. त्याला घेऊन मी चार ओळखीच्या मालकांकडं जाऊन आलो. चौघांच्याही गाड्या ड्रायव्हर नाही म्हणून उभ्या आहेत आणि चौघांनीही हेच सांगितलं, काका, तयार ड्रायव्हर असेल तर आत्ता पाठवा, शिकवायला कुणाला वेळ आहे.

– एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर, कोल्हापूर